नाडीचा वळ, सुपारीचं खांड आणि न शमणारा दाह

परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात विकृतिशास्त्राची प्रयोगशाळा उभी करणाऱ्या डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी बी. सूर्याबाई यांच्यासोबत 1945 साली एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. लोकांच्या रोजच्या सवयींतून उद्भवणाऱ्या कॅन्सरबद्दलचा तो निबंध होता आणि त्यातला एक कॅन्सर होता धोतराचा. कमरेला घट्ट आवळलेलं धोतर वर्षानुवर्षं एकाच जागी घासतं, घामाने ती जागा ओली राहते, कातडी आधी काळवंडते, मग जाड होते, मग कधीतरी चिरते आणि ती चीर भरून यायचं नाव घेत नाही. अशा काही जखमांमध्ये कॅन्सर निघाला. जवळजवळ ऐंशी वर्षांनी, 2024 मध्ये, वर्धा आणि बिहारमधल्या मधुबनी इथल्या डॉक्टरांनी ‘बीएमजे केस रिपोर्ट्स’मध्ये अशाच दोन बायकांची नोंद केली. एक सत्तर वर्षांची. परकराची नाडी जिथे आवळली जायची तिथेच, कुशीवर, तिची जखम अठरा महिने भरत नव्हती. दुसरी साठीच्या शेवटाकडची. आत परकर न घालता चाळीस वर्षं लुगडं कमरेला आवळून नेसणारी. तिची जखम दोन वर्षांची होती आणि तोवर कॅन्सर जांघेतल्या एका गाठीपर्यंत पोहोचला होता.

हा कॅन्सर अतिशय दुर्मीळ आहे, हे लगेच सांगून टाकलेलं बरं. कोट्यवधी बायका नाडी बांधतात, त्यातल्या असंख्य जणींच्या कमरेवर काळपट पट्टा असतो आणि त्यांना कधीही काही होत नाही. तरीही सुरुवात इथून करायची, कारण फुप्फुसाच्या, यकृताच्या किंवा गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये धूर, विषाणू, रसायनं, आनुवंशिकता यांची इतकी सरमिसळ असते की त्यातून दाहाचा वाटा वेगळा काढून दाखवणं कठीण होतं. इथे कापडात विष नाही, धाग्यात विषाणू नाही. दोरी, घाम, कातडी आणि वर्षं, एवढाच ऐवज. शरीराची एखादी जागा सतत दुखावत ठेवली आणि तिला बरं व्हायला उसंतच दिली नाही तर काय होऊ शकतं, हे इतक्या उघडपणे दुसरीकडे क्वचितच दिसतं. ठाण्यालगतची कळवा, खारेगाव, विटावा ही मुळातली आगरी-कोळ्यांची गावं. तिथल्या वयस्क बायका अजून लुगडं नेसतात, आणि चाळींतल्या-इमारतींतल्या बाकीच्या साडी नेसतात. त्यांनी करायचं ते सोपं आहे. बारीक नाडीऐवजी रुंद पट्टी किंवा इलास्टिक वापरावं, गाठ रोज त्याच जागी येऊ देऊ नये, घरात असताना आणि झोपताना ती सैल सोडावी. नुसत्या काळ्या पट्ट्याने घाबरायचं नाही. पण त्या पट्ट्यात एखादी जागा वारंवार खपली धरून पुन्हा ओली होत असेल, तिची कड जाड किंवा उंच लागत असेल, तर तिला खोबरेल तेल आणि बोरोलिनवर महिनोन्‌महिने ठेवू नये.

दाह मुळात वाईट नाही. बोट कापलं की ते लाल होतं, सुजतं, गरम लागतं, ठणकतं. पांढऱ्या पेशी तिथे धावून जातात, जंतू मारतात, मेलेल्या पेशी साफ करतात, नव्या पेशींना वाढायला सांगतात आणि काम झालं की निघून जातात. आठ-दहा दिवसांत सगळं आटपतं. अडचण होते ती या पेशींना निघूनच जाता येत नाही तेव्हा. जंतू मारण्यासाठी त्या ऑक्सिजन आणि नायट्रोजनची जी तिखट रसायनं सोडतात, ती शेजारच्या आपल्याच पेशींच्या डीएनएलाही लागतात. त्याच वेळी जखम भरण्यासाठी ‘वाढा, विभागा’ असे संदेशही सुटत असतात. म्हणजे डीएनएत चुका होण्याची शक्यता वाढलेली, आणि त्या चुकांसकट पेशी विभागण्याचा वेगही वाढलेला. त्यात नव्या रक्तवाहिन्या फुटतात आणि आजारी पेशींना वेचून मारणारी प्रतिकारशक्ती त्या जागी मंदावते. गाठीला लागतं ते सगळं आयतं मिळतं. रुडॉल्फ विर्शोने गाठींमध्ये पांढऱ्या पेशी पाहिल्या आणि दाहाशी त्यांचा संबंध असावा असं 1863 सालीच सुचवलं होतं. 1986 मध्ये अमेरिकेतल्या हॅरल्ड ड्वोरॅक यांनी तर कॅन्सरच्या गाठी म्हणजे न भरणाऱ्या जखमा, अशा आशयाचा लेखच लिहिला. यात काळाचा हिशेब ध्यानात ठेवायला हवा. भाजल्याच्या जुन्या वणात होणारा कॅन्सर सरासरी तीसेक वर्षांनी दिसतो. सर्दीने, एका उन्हाळ्याच्या घामोळ्याने किंवा एकदा तोंड आल्याने कॅन्सर होत नाही.

ठाणे-कल्याण पट्ट्यात या प्रक्रियेचं खरं घर कमर नसून तोंड आहे. स्टेशनबाहेरच्या कुठल्याही टपरीवर पाच मिनिटं उभं राहिलं तरी पुरे. मावा चोळला जातो, पुड्या फाडल्या जातात, आणि पुढच्या लोकलच्या आत गालात काहीतरी सरकवलेलं असतं. महाराष्ट्रात 2012 च्या जुलैपासून गुटख्यावर बंदी आहे, तरी ‘मी गुटखा खात नाही, फक्त सुपारी खातो’ हे वाक्य दवाखान्यांत रोज ऐकू येतं आणि ते फार मोठ्या गैरसमजावर उभं आहे. मुंबईचे कान-नाक-घसातज्ज्ञ डॉ. एस. जी. जोशी यांनी 1953 मध्ये टाळू आणि घशाच्या कमानी आक्रसून टणक होणाऱ्या एका विकाराचं वर्णन केलं. 1966 मध्ये डेन्मार्कचे येन्स पिंडबोर्ग आणि मुंबईच्या डॉ. सत्यवती सिरसाट यांनी त्याची जी व्याख्या केली ती आजही पाठ्यपुस्तकांत आहे. तिचा गाभा असा, की तोंडाच्या अस्तराच्या लगत खाली आधी दाह होतो आणि त्यामागोमाग तिथली ऊती तंतुमय, ताठर होत जाते. सुपारीतलं अ‍ॅरेकोलिन तंतू बनवणाऱ्या पेशींना चेतवतं, सुपारीतलं तांबं त्या तंतूंना एकमेकांत घट्ट विणणाऱ्या विकराचं काम वाढवतं, आणि खांडाच्या कडा अस्तराला रोज नव्याने ओरखडतात. कॅन्सरवरच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने 2004 मध्ये तंबाखूविरहित सुपारीलाही माणसात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. लहान मुलांच्या हातात गोड सुपारीची पुडी देणाऱ्यांनी हे एकदा तरी लक्षात घ्यावं. पान खायला देताना सुपारी कापण्यात आपल्याकडे जी नजाकत आहे तिच्याबद्दल प्रेम असणं समजू शकतं, पण अडकित्त्याच्या कौतुकाने अस्तराची सूज उतरत नाही.

हा विकार कसा ओळखायचा? पहिली खूण म्हणजे तिखट सोसत नाही. जी मिसळ आधी चवीने खाल्ली जायची तिने आता तोंडाची आग होते. मग गालाच्या आतली गुलाबी त्वचा फिकट, संगमरवरासारखी दिसू लागते, आणि बोटाने चाचपली तर आत दोरीसारखे पट्टे लागतात. शेवटी तोंड उघडेनासं होतं. आरशासमोर उभं राहून आपलीच तीन बोटं, तर्जनी, मधलं आणि अनामिका, एकावर एक उभी धरून वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमध्ये जातात का, हे पाहावं. जात नसतील तर दंतवैद्याकडे जायला उशीर झालेलाच आहे, आणखी करू नये. केरळातल्या एर्नाकुलममध्ये या विकाराच्या 66 रुग्णांवर सतरा वर्षं लक्ष ठेवलं गेलं, त्यातल्या 7.6 टक्क्यांना तोंडाचा कॅन्सर झाला. शंभरातल्या ब्याण्णवांना झाला नाही असंही हा आकडा सांगतो, आणि तो तसा वाचायला हरकत नाही. पण सात-आठ टक्के ही जोखीम लहान म्हणता येत नाही.

यावर नेहमीचा आक्षेप असा: तोंड आता बंद झालंच आहे, मग सुपारी सोडून काय मिळणार? ताठरलेलं अस्तर मऊ होऊन पूर्ववत होत नाही, हे खरं. पण कॅन्सर हा त्या ताठरपणाच्या पुढचा टप्पा आहे आणि तिथवर जाणारी वाट दाहातून जाते. खाणं थांबलं की रोजची नवी इजा थांबते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या डॉ. फली मेहता यांच्या गटाने 1977 पासून एर्नाकुलम जिल्ह्यातल्या बारा हजारांवर तंबाखू वापरणाऱ्यांना घरोघरी जाऊन ती सोडण्याचा सल्ला दिला आणि वर्षानुवर्षं त्यांची तोंडं तपासली. तोंडात नव्याने उमटणाऱ्या पांढऱ्या चट्ट्यांचं प्रमाण घटलं. ना महागडं यंत्र, ना औषध. कारण काढून घेतलं, एवढंच. सोडायला मदत हवी असेल तर राष्ट्रीय तंबाखूमुक्ती सेवेचा 1800-11-2356 हा क्रमांक मोफत आहे. घरातल्या माणसाने टोमणे मारण्यापेक्षा तो फोन लावून हातात द्यावा. टोकदार मोडका दात किंवा जिभेच्या कडेला घासणारी कवळी यांचा पुरावा तंबाखू-सुपारीइतका भक्कम नाही. पण दात घासून गुळगुळीत करून घ्यायला दंतवैद्याला दहा मिनिटंही लागत नाहीत, तेव्हा पुराव्याची वाट कशाला पाहायची?

आता जाणकार वाचक एक रास्त प्रश्न विचारेल. जुना दाह एवढा घातक, तर संधिवाताच्या रुग्णांच्या गुडघ्यात कॅन्सर का होत नाही? तिथे तर वीस-वीस वर्षं सूज असते. सोरायसिसच्या चट्ट्यात पेशी भराभर वाढतात, तरी त्याच चट्ट्यातून कॅन्सर निघणं दुर्मीळ. हा प्रश्न टाळून दाहाची भीती घालणारे लेख वाचकाची फसवणूक करतात. दाह एकटा पुरत नाही. ज्या अस्तरातल्या पेशी सतत झडून नव्याने तयार होतात, तिथे डीएनए बिघडवणारी दुसरी गोष्ट हजर असावी लागते, आणि दाह त्या बिघाडाला खतपाणी घालतो. सांध्यात असं झडणारं अस्तरच नाही. जठराचं उदाहरण तर डोळे उघडणारं आहे. हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी शोधला, त्याबद्दल 2005 चं नोबेल त्यांना मिळालं, आणि त्याच्यामुळे होणारा जुना दाह जठराच्या कॅन्सरचं मोठं कारण मानला जातो. तैवानच्या मात्सू बेटांवर लोकांमधून हा जंतू घालवण्याची मोहीम झाली, तेव्हा जठराचा कॅन्सर निम्म्याहून कमी झाला. पण भारतात हा जंतू सर्रास आढळतो आणि जठराचा कॅन्सर त्या मानाने कमी आहे. शिवाय ज्यांना या जंतूमुळे लहान आतड्याच्या सुरुवातीला व्रण होतो, त्यांना जठराच्या कॅन्सरची जोखीम उलट कमी असते. म्हणून प्रत्येक अ‍ॅसिडिटीवाल्याने दुर्बिणीची तपासणी करून घ्यावी असं म्हणणं चुकीचं आहे. वजन घटतंय, शौचाला काळं होतं, घास अडकतो, रक्त कमी झालंय, किंवा चाळिशी-पन्नाशीनंतर नव्यानेच त्रास सुरू झालाय, अशांनी मात्र दुकानातून गोळ्या घेत राहू नये.

यकृताबाबत गोष्ट इतकी सरळ आहे की तिथे रेंगाळायची गरज नाही. कावीळ ब आणि क या विषाणूंचा दाह वर्षानुवर्षं चालतो, यकृत कडक होतं आणि त्यातून कॅन्सर होतो. तैवानने 1984 मध्ये नवजात बाळांना कावीळ ब ची लस द्यायला सुरुवात केल्यावर मुलांमधला यकृताचा कॅन्सर दहाएक वर्षांत जवळपास निम्म्यावर आला. आपल्याकडे बाळ जन्मल्यावर चोवीस तासांच्या आत ही लस द्यायची असते. प्रसूतीनंतर डिस्चार्ज कार्डावर ती नोंद आहे का, हे आजी-आजोबांनी घुटीची चौकशी करतात त्याच आस्थेने पाहावं. पूर्वी रक्त चढवलेल्यांनी, डायलिसिसवर असलेल्यांनी आणि घरात कुणाला ब किंवा क असेल अशांनी दोन्हींची रक्ततपासणी एकदा करावी. मोठ्या आतड्याला अल्सरेटिव्ह कोलायटिस असेल, तर त्रास सुरू झाल्यापासून आठेक वर्षांनी दुर्बिणीने नियमित तपासण्या सुरू करायच्या असतात, त्रास कमी असला तरीही.

‘मग दाह कमी करणारं काहीतरी रोज घेतलं तर?’ हा पुढचा प्रश्न, आणि याच्यावर आज मोठा बाजार उभा आहे. हळदीच्या कॅप्सूल, ‘दाहविरोधी’ काढे, ‘फुल बॉडी चेकअप’मधली सीआरपीची रक्ततपासणी. सीआरपी हे शरीरात कुठेतरी दाह आहे एवढंच सांगतं. कुठे, ते सांगत नाही. दाढ सुजली, सर्दी झाली, वजन वाढलं, तरी ते वाढतं. कॅन्सर शोधायला ते निरुपयोगी आहे. हळद भाजीत असावी, दुधात असावी, पण तिच्यातलं कर्क्युमिन आतड्यातून फारच कमी शोषलं जातं आणि ते घेतल्याने माणसांतला कॅन्सर टळल्याचा भरवशाचा पुरावा नाही. ते जास्त शोषलं जावं म्हणून बनवलेल्या जोरकस गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी मात्र इटली आणि अमेरिकेत आहेत. औषधांचं काय? आतड्याच्या कॅन्सरची आनुवंशिक जोखीम असलेल्यांना, म्हणजे लिंच सिंड्रोम असलेल्यांना, अ‍ॅस्पिरिनचा फायदा चाचणीत दिसला. पण निरोगी वृद्धांना रोज थोडं अ‍ॅस्पिरिन दिलेल्या अ‍ॅस्प्री चाचणीत, जिचे निष्कर्ष 2018 मध्ये आले, कॅन्सरचे मृत्यू उलट थोडे जास्त निघाले. कॅन्टोस नावाच्या चाचणीत दहा हजारांवर हृदयरुग्णांवर दाहाचा एक संदेश अडवणारं इंजेक्शन तपासलं गेलं. 2017 मध्ये कळलं की सर्वांत मोठा डोस घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर खूप कमी झाला, पण जिवावर बेतणारे जंतुसंसर्ग वाढले. पुढे तेच औषध झालेल्या कॅन्सरवर वापरलं तेव्हा अपेक्षाभंग झाला. दाहाचा कॅन्सरशी संबंध आहे याला या चाचण्यांनी बळच दिलं. पण सरसकट दाह मारणं हा उपाय नाही, कारण जंतूंशी लढणाराही दाहच असतो. ज्या कारणाने तो पेटत राहतो ते कारण शोधायचं, हाच मार्ग उरतो.

काही कारणं मात्र एकट्या माणसाच्या हातात नसतात. लंडनच्या फ्रान्सिस क्रिक संस्थेतल्या चार्ल्स स्वॉन्टन यांच्या गटाने 2023 मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवलं की हवेतले पीएम 2.5 कण फुप्फुसात दाह निर्माण करतात आणि आधीपासून डीएनए बिघडलेल्या, पण शांत पडून असलेल्या पेशी त्या दाहाने जाग्या होतात. सिगारेट कधीच न ओढलेल्यांना फुप्फुसाचा कॅन्सर का होतो, याचं मोठं उत्तर इथे आहे. एका बाजूला ठाणे-बेलापूर रस्त्याचा औद्योगिक पट्टा, दुसऱ्या बाजूला मुंब्रा बायपासवरची अवजड वाहतूक आणि मध्ये पारसिकच्या डोंगराच्या कुशीतली दाट वस्ती, अशा कळव्याच्या माणसाला ‘शुद्ध हवेत राहा’ असं सांगणं चेष्टा ठरेल. तरी हवा आपल्या हातात नाही म्हणून विडीही चालेल, हा युक्तिवाद उलटा आहे. एक दाह टाळता येत नसेल तर टाळता येणारा दुसरा अधिक महत्त्वाचा ठरतो. गल्लीत कचरा पेटवू न देणं आणि घरात उदबत्ती-कॉइलचा धूर कोंडू न देणं, एवढं तरी जमतं. बाकीचं महापालिकेकडे आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे मागायचं आहे, आणि ते वॉर्डातल्या निवडणुकीच्या वेळी मागावं.

कारण काढल्यावर जखम भरायला हवी, हीच साधी कसोटी. सुपारी-तंबाखू थांबवली, टोकदार दात घासून घेतला, तरी तोंडातली जखम, पांढरा किंवा लाल चट्टा तीन आठवड्यांत गेला नाही, तर तुकडा काढून तपासायला हवा. कातडीवरच्या जखमेला फार तर आणखी काही आठवडे द्यावेत. जेल, बी कॉम्प्लेक्स आणि ‘बघू पुढच्या महिन्यात’ यात कॅन्सरचे सर्वांत किमती महिने जातात, कारण सुरुवातीची जखम बहुधा दुखत नाही. तुकडा काढला की रोग पसरतो, सुई लागली की चवताळतो, ही भीती घराघरात आहे. तिला आधार नाही. जे पसरलेलं आढळतं ते तुकडा उशिरा काढल्यामुळे. तपासणीसाठी लगेच परळ गाठायची गरज नसते. कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात, जिथे राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय आहे, कान-नाक-घसा, त्वचा किंवा शल्यचिकित्सा विभागाच्या ओपीडीत केसपेपर काढून जखम दाखवता येते. किती दिवस झाले, आधी काय लावलं, काय खाण्याची सवय होती, हे लपवू नका. रिपोर्टात कॅन्सर निघाला आणि पुढे टाटाला जायचं ठरलं, तर फक्त कागद घेऊन निघू नका. तुकडा ज्या प्रयोगशाळेत तपासला तिथून मेणाचा ब्लॉक आणि काचेच्या स्लाइड्स मागून घ्या, कारण टाटामध्ये त्या पुन्हा तपासल्या जातात आणि त्यांच्यासाठी ठाण्याला परत यायला लागलं की आठवडा हातचा जातो. सोबत रेशनकार्ड आणि आधारकार्डही ठेवा, महात्मा फुले जनआरोग्य योजनेसाठी ती लागतात.